मंगळवारची फुलं

छत्तीस नोंदींपैकी पस्तीस मंगळवारच्या निघाल्या, तेव्हा अश्विनीला आधी वाटलं, कॉम्प्युटरचंच काहीतरी बिनसलंय. तिने तो बंद करून परत सुरू केला. मंगळवार जागचे हलले नाहीत. मग तिने मोबाइलमधलं कॅलेंडर तीन वर्षं मागे ढकलत नेलं आणि एकेक तारीख बोटाने दाबून बघितली. करवंद, मंगळवार. बहावा, मंगळवार. कुडा, तेरडा, सोनकी, सगळे मंगळवारी. दुसऱ्या वर्षीच्या पळसाचा तेवढा एक गुरुवार होता आणि तो त्या रांगेत, चुकीच्या लग्नात जेवायला बसलेल्या माणसासारखा, अंग चोरून बसला होता.

"अश्विनी, झाडांना वार कळत नाहीत," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अश्विनी नोकरीला होती त्या पुण्याच्या संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या पंधरा वाड्यांत पंधरा माणसं नेमली होती. प्रत्येकाला बारा रानझाडं आणि फुलं वाटून दिलेली. झाडाला रिबीन बांधायची, नंबर द्यायचा आणि वर्षातलं पहिलं फूल ज्या दिवशी दिसेल तो दिवस फोनवर कळवायचा. हवा बदलतेय तशी फुलं अलीकडे सरकतात की पलीकडे, एवढंच बघायचं होतं. डिंभ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, जिथे एस.टी. वळते आणि पुढे जायला तिला जागाच उरत नाही, तिथल्या वाडीत चिमाबाई होती. मॅडमना तिथे कुणीतरी शिकलेलं हवं होतं. अश्विनी अडून बसली होती. "ती रोज शेरडं घेऊन त्याच झाडांखालनं जाते, मॅडम. तिच्याइतकं त्या रानाकडं कोण बघतंय?"

आता त्याच चिमाबाईने तीन वर्षं घरी बसून तारखा रचल्या, असं दिसत होतं.

"तू न सांगता जा," मॅडम म्हणाल्या. "बाराही ठिकाणं स्वतः बघ आणि त्याच दिवशी तुझा कागद मला पाठव. मग तिचा फोन येईल तेव्हा ताडून बघू. जुळलं तर प्रश्नच नाही. नाही जुळलं तर नाव काढावं लागेल आणि तीन वर्षांचं सगळं बाजूला टाकावं लागेल." पुढचं, म्हणजे 'तुझ्या शब्दावर घेतली होती तिला', हे त्या बोलल्या नाहीत. पण ते टेबलावर पडलंच होतं.

शुक्रवारी सकाळी मंचरला एस.टी.त बसल्यापासून अश्विनीच्या डोक्यात एकच गिरणी सुरू होती. मंगळवारीच फोनला रेंज मिळते म्हणावं, तर चिमाबाईचे फोन बाकीच्या वारीही यायचे. शेळी व्याली, बिबट्या दिसला, तू जेवलीस का. बरं, मंगळवारीच झाडं बघते म्हणावं, तर ती रोज त्याच वाटेने जायची. अश्विनी स्वतः तिच्यामागे चार-चार दिवस धापा टाकत हिंडली होती. राहिलं काय, तर खोटं. पण खोटं बोलणारं माणूस निदान वार तरी बदलतं. एक सोमवार टाकावा, दोन शनिवार टाकावेत. पस्तीस मंगळवार ठोकून देण्याइतकी चिमाबाई भोळी नव्हती. बाजारात भोपळा घेताना तिला एकदा बघावं कुणीही.

खोडदला अश्विनीच्या घरी फुलांचा हिशोब सरळ होता. झेंडू लावला की झेंडू यायचा आणि भाव पडायचा. रानातल्या फुलांच्या भानगडीत आपण का पडलो, असं तिला घोडेगाव मागे पडताना वाटून गेलं.

वाडीत पोचली तेव्हा चिमाबाईचा नवरा बहिरू अंगणात बसून चऱ्हाट वळत होता. त्याने एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं, त्यामुळे त्याला उठता आलं नाही. बसल्या जागेवरूनच तो ओरडला, "आगं ए, पावणी आली बघ पुन्याची!"

"पुण्याची नाही हो बाबा, खोडदची."

"आमाला सारकंच. खालची ती खालची."

चिमाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. पन्नाशीच्या पुढची, बारकी, काटक बाई. तिच्या तोंडावर जो आनंद पसरला त्याने अश्विनीला आणखी चोरट्यासारखं झालं. "आगं बाय! सांगावा न्हाई, फोन न्हाई. आशी कशी उगवलीस?"

"इकडं आलेच होते, म्हटलं जाऊन यावं."

बहिरूने चऱ्हाटाला एक पीळ दिला. "इकडं म्हंजे कुटं? हितनं पुढं तर निस्ती दरी हाय."

चहा होईपर्यंत अश्विनीने भिंतीवरचं कॅलेंडर बघून घेतलं. चिमाबाईला लिहिता येत नव्हतं, पण तिने स्वतःची एक रीत काढली होती. फूल आलं की त्या तारखेवर कपाळाची टिकली चिकटवायची. पळसाला लाल, बहाव्याला पिवळी, कुड्याला पांढरी खडी. नंबर मात्र बहिरूने खिळ्याने कोरल्यासारखा काढलेला. फेब्रुवारीच्या पानावर दोन टिकल्या होत्या. दोन्ही मंगळवारच्या ओळीत, शेजारीशेजारी, फुगडीला उभ्या राहिल्यासारख्या. जुनी कॅलेंडरं त्याच खिळ्याला मागे अडकवलेली होती. अश्विनीने हळूच दोन-चार पानं उचलली. मंगळवारची ओळ टिकल्यांनी भरलेली, बाकीच्या ओळी विधवेच्या कपाळासारख्या मोकळ्या. हे मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली, कारण तिची आई ठमाबाई विधवाच होती आणि रोज न चुकता टिकली लावायची.

"काय बगती?" चिमाबाईने विचारलं.

"काही नाही. छान दिसतंय."

"आमच्या म्हाताऱ्याला वाटतं मी टिकल्या वाया घालवते."

"वाया न्हाई तर काय," बहिरू बाहेरून म्हणाला. "शेळ्यांना लावल्या आसत्या तर वळकायला तरी बऱ्या."

उन्हं चढायच्या आत दोघी शेरडं घेऊन निघाल्या. अश्विनीने पिशवीतला कागद घडी घालून कमरेला खोचला होता. एक नंबर पळस झडत आलेला, ठीक. दोन नंबर धायटी लालबुंद. तेही ठीक, टिकली आहे. तीन नंबर जांभळाला नुसत्या कळ्या. चार नंबर हिरडा, काही नाही. चिमाबाई प्रत्येक झाडापाशी थांबायची, मान वर करून बघायची आणि सांगायची. कोणत्या फांदीला आधी येणार, कोणतं झाड आळशी आहे, कोणत्या झाडाने गेल्या वर्षी फसवलं. तिचं सांगणं ऐकताना अश्विनीला पुन्हा वाटायला लागलं की ही बाई तारखा रचणं शक्य नाही. मॅडमनी इथे उभं राहून दहा मिनिटं हे ऐकायला हवं होतं.

आणि मग पाच नंबर आला. अंजन.

राईच्या कडेला, जिथे वाडीची देवी आहे त्याच्या अलीकडे दोन हाकांवर, ते बुटकं झाड उभं होतं. त्याच्या जवळ येताच चिमाबाईचं चालणं बदललं. ती एकदम शेरडांवर खेकसायला लागली. एक करडू काहीच करत नव्हतं, त्यालाही शिवी बसली. झाडाच्या बाजूचा तिचा खांदा थोडा आत वळला, जसं नव्या नवरीने सासऱ्यासमोरून जाताना वळावं.

"मावशी, पाच नंबर?"

"न्हाई आजून."

"बघितलं का तुम्ही?"

"बगितलं की. न्हाई."

अश्विनीने वर बघितलं. वर बघायची गरजच नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, फांदीच्या उघड्या लाकडाला चिकटून सात-आठ फुलं होती. निळी. अंजनाची फुलं अशीच येतात, पानांची परवानगी न घेता थेट काटकीवर, निळ्या दोऱ्याच्या गुंडीएवढी. दोन तर पुरती उमललेली होती, त्यातले बारीक केसर बाहेर डोकावत होते. एक मधमाशीसुद्धा येऊन गेली.

म्हणजे ही तोंडावर खोटं बोलतेय. समोर फूल आहे, माझे डोळे शाबूत आहेत, आणि ही म्हणते नाही. अश्विनीने फांदी हातात धरली आणि जे मनात होतं ते तोंडातून निघून गेलं.

"मावशी, हे काय? आलंय की फूल! अंजन फुललाय!"

चिमाबाई जागच्या जागी थांबली. तिचा हात तोंडाकडे गेला, स्वतःच्याच तोंडाकडे, जणू तीच काहीतरी बोलली होती. मग ती बाजूच्या दगडावर टेकली.

"बोललीस," ती म्हणाली.

"अहो पण आहे ना इथे! बघा तरी."

"दिसतंय मला. परवापास्नं दिसतंय."

"मग नाही का म्हणालात?"

शेरडं पुढे गेली होती, तिकडे बघत चिमाबाई बसून राहिली. अश्विनीला काय करावं ते कळेना. चोर पकडल्यावर पोलिसाला जे वाटायला हवं ते तिला वाटत नव्हतं. उलट आपणच कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरलो आहोत आणि कोणत्या घरात ते मात्र कळत नाही, असं काहीतरी होतं. तिने फांदी सोडून दिली. उरलेली सात ठिकाणं दोघींनी मुक्यानेच बघितली. कशालाच फूल नव्हतं, नाहीतर अश्विनीला ते आहे म्हणायचं की नाही हेही ठरवता आलं नसतं.

घरी आल्यावर चिमाबाई सरळ आत गेली आणि भाकरी थापायला बसली. बहिरूने एकदा तिच्या पाठीकडे बघितलं, एकदा अश्विनीच्या तोंडाकडे.

"काय, भांडलात काय गं?"

"मला काहीच कळत नाहीये, बाबा," अश्विनी म्हणाली. "अंजनाला फूल आलंय. मी एवढंच म्हणाले."

बहिरूने चऱ्हाट खाली ठेवलं. "मोठ्यानं?"

"हो."

"झाडापशी हुबं ऱ्हाऊन?"

"हो!"

"मंग गेला म्हनायचा यंदाचा अंजन," तो म्हणाला आणि हसावं की नको अशा बेताने त्याने मिशी चोळली.

मग त्याने सांगितलं. वाडीच्या साऱ्या घरांचा नव्हता, चिमाबाईच्या माहेरचा नेम होता तो आणि ती तो लग्नात हंड्या-कळशीबरोबर घेऊन आली होती. रानातल्या कोणत्याही झाडाचं वर्षातलं पहिलं फूल राईतल्या आईचं. ते दिसलं तरी कुणाला बोलायचं नाही. घरात नाही, शेजारी नाही, झाडाजवळ तर नाहीच. मंगळवारी ते खुडायचं, पानात घालून तिच्यापुढे ठेवायचं. तिला पोचलं की मग तोंड मोकळं. राईच्या वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, रेंज मिळते. तिथे चढून चिमाबाई अश्विनीला फोन लावायची.

"म्हणजे दर वेळी..." अश्विनी म्हणाली.

"आदी तिला, मंग तुला," आतून चिमाबाईचा आवाज आला. "तुज्या आदी ती न्हाई का?"

"पण मावशी, तीन वर्षं! एकदा तरी सांगायचं मला."

"तू इचारलंस कवा? तू म्हनलीस, फूल आलं का सांग. मी सांगत आले."

"मी म्हटलं होतं, ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी सांगा."

"दिसल्या दिवशी कसं सांगनार? बगून फूल उष्टं व्हत न्हाई, बोलून व्हतं." भाकरी तव्यावर पडली. "उष्टं देऊ का तिला?"

अश्विनीच्या बारा वर्षांच्या शिक्षणात आणि दोन वर्षांच्या कोर्समध्ये यावर धडा नव्हता. तिने दुसरीकडून वाट काढायचा प्रयत्न केला.

"मग तो गुरुवार? दुसऱ्या वर्षीचा पळस?"

बहिरूने मान खाली घातली. "त्यो मी."

"मला ताप भरल्याला," चिमाबाई भाकरी उलटत म्हणाली, "आन् हे फोन घिऊन टेपावर गेल्ते. तुजा फोन आला आन् ह्यांनी उचलला. तू इचारलंस पळसाचं काय, तर हे म्हनले, फुलला की, आजच बगितला. सांगून मोकळं! तिला नारळ द्यावा लागला नंतर. कोंबडं मागत व्हती, मी नारळावर भागवलं."

छत्तीस नोंदींत मॅडमना जी एकमेव खरी वाटली असती, तीच नेमकी या घरातली एकमेव चूक होती. अश्विनीला हसू आलं आणि त्याच क्षणी ते मावळलं, कारण चिमाबाईने तवा उतरवला होता आणि आता ती तिच्याकडे नीट बघत होती.

"तू हे समदं आजच का इचारतीस?"

खोटं बोलण्यात अश्विनी सकाळीच नापास झाली होती. तिने सांगून टाकलं. मंगळवार, मॅडम, कमरेचा कागद, नाव काढण्याची गोष्ट. सांगताना तिने 'त्यांना वाटतं' असं तीन वेळा म्हटलं आणि 'मला वाटलं' एकदाही नाही.

चिमाबाई बराच वेळ चुलीतलं लाकूड मागे-पुढे करत राहिली. धूर झाला.

"म्हंजे झाडं बगाया न्हाई आलीस," ती म्हणाली. "मला बगाया आलीस."

"आन् मी म्हनलं, पोरीला आटवन झाली."

जेवण झालं. पिठलं चांगलं होतं. ते चांगलं असावं याचाच अश्विनीला त्रास झाला. चिमाबाईने तिला दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा आग्रह केला नाही, यावरून ती किती दुखावली आहे ते कळत होतं. कागद पाठवायची वेळ जवळ येत होती. पाच नंबरच्या पुढे काय लिहायचं? शुक्रवार लिहिला तर चिमाबाईची नोंद कायमची खोटी ठरणार. काहीच लिहिलं नाही, तर अश्विनीची स्वतःची. आणि आणखीही एक होतं, जे आता तिला खरंच विचारायचं होतं.

"मावशी, लिहिलेलं चालतं का? बोलायचं नाही, नुसतं लिहायचं. तुमच्या नेमात लिहिणं बसतं का?"

चिमाबाईचा हात थांबला. हा प्रश्न तिला तिच्या आईनेही विचारला नसणार, तिच्या आजीनेही नाही. "लिवनं म्हंजे बोलनं का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला काय इचारती? कागद कुटं बोलतो."

"तलाट्याचा बोलतो की."

"त्यो बोलतो," बहिरूने कबूल केलं. "त्यो लई बोलतो."

"टिकली मी आदी लावत न्हाई," चिमाबाई स्वतःशीच म्हणाली. "मंगळवारीच लावते. टिकली बगून कुनीबी वळकील. म्हंजे टिकली बोलतीच की. मंग लिवनं तर..." ती थांबली. "म्हाईत न्हाई, बाय. खरंच म्हाईत न्हाई." आणि त्या घरात अश्विनीला दिवसभरात पहिल्यांदा जरा बरं वाटलं, कारण आता न कळणारी ती एकटी नव्हती.

टेपावर चढून तिने मॅडमना फोन लावला. खाली राईची गर्द झाडी, त्यापलीकडे धरणाचं ओसरत चाललेलं पाणी, त्याच्या काठाची तांबडी माती उघडी पडलेली. तिने सगळं सांगितलं. मग तिने दोनदा हॅलो म्हटलं.

"आहे मी," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे ती फुलं खरीच होती."

"सगळी खरी, मॅडम. फक्त कळवायला उशीर. कधी एक दिवस, कधी सहा."

"खऱ्या तारखा आठवतात का तिला?"

"विचारलं मी. म्हणाल्या, देवीला पोचल्यावर मागचं कशाला ध्यानात ठेवायचं."

मॅडम हसल्या. मग त्यांचा आवाज थकल्यासारखा झाला. "पंधरा वाड्यांत मिळून सगळा फरक चार-पाच दिवसांचा येतोय गं. तेवढ्यासाठीच हे सगळं चाललंय. त्यात ही बाई सहा-सहा दिवस फूल पदरात झाकून ठेवते. मी काय करू त्याचं?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "जुनं फेकत नाही. तू आता सांगितलंस तसं लिहून ठेव. पण यापुढे दिसल्या दिवशी कळलं पाहिजे. तिच्याच्याने होत नसेल तर दुसरं माणूस बघ. तिचा अपमान न करता."

तो न करता हे कसं करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं.

अश्विनीने कागदावर पाच नंबरपुढे तिला स्वतःला दिसलं तो दिवस लिहिला, शुक्रवार, सात मार्च. बघणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. फूल तिनेच उष्टं केलं होतं. निदान नाव तरी तिचं असावं. फोटो काढून पाठवला आणि खाली उतरून चिमाबाईला मॅडमचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा.

चिमाबाई तिला एस.टी.पर्यंत सोडायला आली. वाटेत एकदा फक्त म्हणाली, "अंजनाचं दुसरं झाड हाय दरीच्या अंगाला. त्याचं नेईन तिला. तिकडं तू येऊ नगंस."

"नाही येणार."

बस सुरू होऊन धडधडायला लागली तेव्हा चिमाबाईने खिडकीला हात लावला. "दिसल्या दिवशी तुला कळलं पायजे. एवढंच ना?"

"एवढंच, मावशी."

"आन् मी बोलायचं न्हाई. एवढंच माजं."

"हो, पण..."

"बगते," चिमाबाई म्हणाली आणि गाडी हलली.

पुढचा मंगळवार आला आणि गेला. फोन आला नाही. अश्विनीने चिमाबाईच्या जागेसाठी संस्थेच्या यादीतली दोन नावं डोक्यात घोळवून बघितली. शिकलेलं, फोन असलेलं, देवाचं फार नसलेलं माणूस. त्या दोघांत असं एकच माणूस निघालं आणि त्याला पळस आणि पांगारा यातला फरक कळत नव्हता. होळी झाली. शनिवारी ती खोडदला घरी होती. रानात कांदा काढायचं चाललं होतं आणि आई ठमाबाई बांधावर बसून पाती कापत होती. शेताच्या पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र ताटल्या नेहमीसारख्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या.

फोन वाजला. चिमाबाईचा नंबर.

"हां मावशी, बोला."

पलीकडून काहीच आलं नाही. वारा होता. कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली. अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं, चढ चढून आल्यासारखा.

"हॅलो? मावशी, ऐकू येतंय का? हॅलो..."

आणि मग अश्विनीला उमगलं, आणि ती स्वतःच गप्प झाली. विचारायचं नाही. कोणतं झाड, किती फुलं, काहीच विचारायचं नाही. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिकडे चिमाबाई गप्प, इकडे ती गप्प. अर्धा मिनिट झालं असेल. मग एक समाधानाचा हुंकार ऐकू आला, शेळीचा की बाईचा सांगता येणार नाही, आणि फोन बंद झाला.

"कुनाचा गं?" ठमाबाईने विचारलं.

"वरच्या मावशींचा."

"मंग बोलत का न्हाईस?"

"बोलायचं नाही आहे, आई."

"बोलायचं न्हाई तर उचलला कशाला?"

अश्विनीने मातीचे हात ओढणीला पुसले, पिशवीतून वही काढली आणि तारीख लिहिली. शनिवार, पंधरा मार्च. पुढचा रकाना झाडाच्या नावाचा. दरीकडचा अंजन असेल का? जांभळाच्या कळ्या तर तिने स्वतःच बघितल्या होत्या. हिरडाही असू शकतो, तो कधीकधी घाई करतो म्हणतात. तिने रकाना मोकळा ठेवला, मंगळवारी कळेल. त्याच्या पुढे छापलेलं होतं: निरीक्षकाचे शब्द. तिथे तिने थोडा विचार करून लिहिलं, काही नाही. हे सोमवारी मॅडमना कसं समजावायचं, याची सुरुवात तिला सापडत नव्हती. पण दिसल्या दिवशी कळवलं होतं, यात कुणालाही खोट काढता आली नसती. यादीतली ती दोन नावं तिने मनातल्या मनात पुसून टाकली.

ती वही मिटत होती तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

तोच नंबर. तोच वारा. या वेळी घंटी नव्हती आणि श्वास जरा जास्त लागलेला होता. अश्विनी ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पंधरा-वीस सेकंदांत फोन बंद झाला.

आता हे काय? दुसरं झाड? की मघाशी मध्येच 'हॅलो, हॅलो' केलं म्हणून फोन पोचला नाही असं वाटून, परत एकदा तेच? की टेपावर रेंज गेली? एका दिवशी दोन झाडं फुलायला काही हरकत नव्हती. आणि एकच असायलाही नव्हती.

"आता काय म्हनाली?" ठमाबाईने पाती कापता कापता विचारलं.

"काहीच नाही."

"परत?"

"हो. पण एकदा म्हणाली की दोनदा, ते कळत नाहीये."

ठमाबाईने विळा खाली ठेवला आणि आपल्या शिकलेल्या मुलीकडे जरा काळजीने बघितलं. अश्विनी वही मांडीवर घेऊन बांधावर बसली होती. तिने पहिल्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ आखली, तिथेही तीच तारीख घातली, मग ती अर्धी खोडली, मग खोडलेल्यावर पुन्हा गिरवली. शेवटी समासात लिहिलं, एक, नाहीतर दोन. आणि उठून कांद्याच्या वाफ्यात गेली.